आगरातल्या पंपासाठी कोणता मायक्रोकंट्रोलर घ्यावा?

ऊनोवर (आर्डुइनोच्या शिकाऊ बोर्डावर) एलईडी लुकलुकवून झाले, आता विहिरीच्या पंपासाठी मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम भरून यंत्र चालवणारी चिप) म्हणून ईएसपी३२ घेऊ, पिको घेऊ की ऊनोवरचा एटीमेगाच ठेवू, असं तुम्ही विचारलंय. गुहागरला आमच्या आगरात टाकी भरली की पंप बंद करणारी जोडणी मी स्वतः केली आहे, त्या अनुभवावरून सांगतो.

पंपाजवळ वायफाय पोचत नसेल, तर डोळे झाकून एटीमेगा३२८पी घ्या. ३२ केबी फ्लॅश (प्रोग्रॅमची जागा), २ केबी रॅम. पाण्याची पातळी बघून रिले (पंप चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) ओढायला एवढं पुष्कळ. ५ व्होल्टवर चालतो, म्हणून बाजारातलं ५ व्होल्टचं रिले मॉड्यूल थेट जोडता येतं. आणि तो २८ पायांच्या डीआयपीत (सॉकेटमध्ये खोचता येणाऱ्या आकारात) मिळतो, माझ्या लेखी हा सगळ्यात मोठा गुण. बूटलोडर (आपला प्रोग्रॅम चिपमध्ये भरून घेणारा छोटा प्रोग्रॅम) भरलेल्या दोन चिपा मागवा, १६ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल (चिपला ठेका देणारा भाग) लावा आणि चिप सॉकेटमध्येच बसवा. एका पावसाळ्यात जवळच वीज पडली आणि आमची चिप गेली. टॉर्चच्या उजेडात जुनी उपटली, प्रोग्रॅम भरून ठेवलेली दुसरी खोचली, पाच मिनिटांत पंप चालू. सोल्डरगन हातात घ्यावी लागली नाही.

मोबाइलवर कळायला हवं असेल तर मात्र ईएसपी३२च. दोन कोअर, २४० मेगाहर्ट्‌झपर्यंत वेग, वायफाय आतच. पण त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या. ५ व्होल्टच्या सेन्सरचा सिग्नल दोन रेझिस्टरनी उतरवूनच द्या. वायफाय चालू असताना एडीसी२च्या (व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या विभागाच्या) पिनांवर अ‍ॅनालॉग वाचता येत नाही. मातीच्या ओलाव्याचा सेन्सर ३२ ते ३९ यांतल्या पिनेवर लावा. हे कळेपर्यंत माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. अ‍ॅडॉप्टर मरतुकडा असेल तर वायफाय सुरू होताना बोर्ड पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो.

पिको, म्हणजे २०२१चा आरपी२०४०, मायक्रोपायथन शिकायला फार छान. साध्या पिकोत वायफाय नाही, त्यासाठी पिको डब्ल्यू लागतो.

कुठलीही चिप घ्या, ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता तारा खोचायच्या पाटीवर) ठेवू नका. खाऱ्या हवेत जंपर तारांच्या टोकांवर हिरवट थर चढतो आणि जोड सुटतो. झिरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या सर्किट बोर्डावर) सोल्डर करा, सॉकेट आणि टर्मिनल झाकून वर पारदर्शक लॅकर मारा. टाकीत पातळीसाठी तारा सोडणार असाल तर त्यांना वाचण्यापुरते काही मिलिसेकंदच व्होल्टेज द्या. सतत ५ व्होल्ट ठेवलेत तर धन बाजूची तार पाण्यात झिजून जाते.

विहीर घरापासून किती लांब आहे ते कळवा, म्हणजे वायफायचं नक्की सांगता येईल.