अलाबामाचं १९४१ आणि यूसीएफचं २०१७

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये अलाबामा विद्यापीठ १९४१चं राष्ट्रीय विजेतेपद बिनदिक्कत मोजतं, मग यूसीएफच्या (सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या) २०१७च्या विजेतेपदाच्या दाव्याला लोक का हसतात, असं तुम्ही विचारलंय. हसू नये, असं माझं ठाम मत आहे.

कॉलेज फुटबॉलच्या सर्वात वरच्या गटात एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, स्वतः कधीच विजेता ठरवलेला नाही. वेगवेगळ्या निवडकर्त्यांनी (मतदान घेणारे किंवा गणिती क्रमवारी लावणारे) कोणाला पहिलं ठरवलं, एवढंच त्यांच्या नोंदपुस्तकात छापलेलं असतं. त्यातला सोयीचा निवडकर्ता धरून विद्यापीठ दावा करू शकतं.

१९४१ला एपी या वृत्तसंस्थेच्या मतदानात मिनेसोटा पहिलं आलं. अलाबामा विसावं. ९ सामने जिंकलेले, २ हरलेले, मिसिसिपी स्टेट आणि व्हँडरबिल्टकडून. त्यांच्या कॉन्फरन्सचं, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचं, विजेतेपदही मिसिसिपी स्टेटकडे गेलं होतं! पण हूलगेट नावाच्या एका गणिती पद्धतीत अलाबामा पहिलं निघालं, आणि तेवढ्या आधारावर १९८०च्या दशकात, म्हणजे खेळाडू म्हातारे झाल्यावर, विद्यापीठाने ते साल आपल्या यादीत घातलं. हा दावा मला अजिबात पटत नाही.

    

आता यूसीएफ. १३ सामने, १३ विजय. शेवटचा पीच बोल या मोसमाअखेरच्या सामन्यात ऑबर्नवर, ३४-२७. याच ऑबर्नने त्या मोसमात अलाबामा आणि जॉर्जिया दोघांनाही हरवलं होतं, आणि राष्ट्रीय विजेतेपदाचा अंतिम सामना खेळले तेच दोघे. कॉली मॅट्रिक्स या गणिती क्रमवारीने यूसीएफला पहिलं ठरवलं, ते एनसीएएच्या पुस्तकातही आहे. त्यांचे बरेचसे प्रतिस्पर्धी दुबळे होते, हे मान्य. जॉर्जियाने कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ऑबर्नची परतफेड केली, हेही खरं. पण प्लेऑफचे, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीचे, संघ निवडणाऱ्या समितीने यूसीएफला बाराव्या क्रमांकावर ठेवलं आणि प्लेऑफमध्ये जागा होत्या फक्त चार. समोर आलेल्या प्रत्येकाला हरवलेल्या संघाने आणखी काय करायचं होतं?

२०२४पासून प्लेऑफमध्ये १२ संघ असतात. २०१७ला ही पद्धत असती तर बारावा क्रमांकही पुरला असता, आणि यूसीएफचा निकाल मैदानावर लागला असता.