नोकरी सांभाळून एम.ए. (शिक्षणशास्त्र) केल्याचा काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय: वय ३४, अनुदानित शाळेत शिक्षक, घरी लहान मूल, मुक्त विद्यापीठातून एम.ए. करायचं मनात आहे. पगारात फरक पडेल का आणि वर्गात काही उपयोग होतो का?

पगाराचं आधी सांगून मोकळी होते. लगेच काही पडत नाही. २४ वर्षांच्या सेवेनंतर निवडश्रेणीच्या, म्हणजे वरच्या पगारश्रेणीच्या वेळी वाढवलेली अर्हता बघतात, पण तुमच्या पदाला नेमकी कुठली पदवी चालते ते क्लार्कला तोंडी विचारू नका, लेखी घ्या. प्रवेशाआधी संस्थेची परवानगीही लेखीच. मी तोंडी घेतली होती. परीक्षेच्या आठवड्यात रजा मागायला गेले तर आमचे तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, "मी कुठं हो म्हणालो होतो?" आणि वर, "कशाला डोक्याला ताप करून घ्यायलाय बाई? एम.ए. करून पोरं हुशार होणारेत का?"

स्टाफरूममध्ये सगळे हसले. मीही हसले. त्याचं उत्तर मी अजून देतेय, त्यातलंच हे एक समजा.

मी राहते जुळे सोलापुरात, शाळा पूर्वभागात. वर्ग तिसरीचा, मराठी माध्यम, पट ३१. त्यातली बावीस मुलं घरी तेलुगू बोलणारी. वडील यंत्रमागावर, आया विड्या वळणाऱ्या. बारा वर्षं माझ्या वर्गात एक नियम होता, तेलुगू बोलायचं नाही. जो बोलेल त्याचं नाव फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात. मला तो नियम कुणी लावायला सांगितला नव्हता. मोठ्या अभिमानाने मीच लावला होता.

एक मुलगा होता, नाव नाही सांगत. मैदानावर मराठीत फाडफाड भांडायचा, शिव्यासुद्धा अस्सल. वर्गात शाब्दिक उदाहरण दिलं की गप्प. मी त्याच्या आईला सांगून टाकलं होतं की पोरगा लबाड आहे, येत असून करत नाही.

त्याच वर्षी मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही कधी कधी रात्री. पाण्याची वाट बघत स्वयंपाकघरात बसून स्वाध्याय लिहायचे. वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचं निकट विकासक्षेत्र, म्हणजे मुलाला एकट्याने जमत नाही पण कुणाच्या मदतीने जमतं तो टप्पा, मी आकृतीसह पानभर लिहून काढलं, छान मार्कही मिळाले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन कोपऱ्यात चार नावं लिहिली. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध आहे हे डोक्यात आलंच नाही.

ते आलं जिम कमिन्स वाचताना. कॅनडातले अभ्यासक. स्थलांतरितांच्या मुलांबद्दल त्यांचं म्हणणं असं की दुसरी भाषा बोलण्यापुरती साधारण दोन वर्षांत येते, पण पुस्तकाची, परीक्षेची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. मधल्या काळात मूल अस्खलित वाटतं, म्हणून शिक्षक त्याला मठ्ठ नाहीतर आळशी ठरवतात. मी वही मिटली. बाहेर पिंप भरून वाहायला लागलं होतं, ते सासूबाईंनी ओरडल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मावशींकडून एक वाक्य घोकून घेतलं. उदाहरण होतं: टोपलीत ८४ आंबे होते, ३७ विकले, शिल्लक किती? त्या पठ्ठ्याने नेहमीसारखी बेरीज मारली होती, १२१. मी जवळ जाऊन विचारलं, "एन्नि मिगिलाई?" म्हणजे किती उरले? सगळा वर्ग खो-खो हसला. तो हसला नाही. म्हणाला, "मिगिलिनय, बाई," म्हणजे आधी माझं तेलुगू सुधारलं, आणि मग, "नलभै एडु." सत्तेचाळीस.

'शिल्लक' हा शब्दच त्याला माहीत नव्हता. बारा वर्षांत असे किती 'लबाड' माझ्या हाताखालून गेले, तो हिशेब मी केला नाही, करणारही नाही.

कोपऱ्यातली नावं त्या दिवसापासून बंद. पुढे तेच माझ्या कृतिसंशोधनाचा, म्हणजे आपल्याच वर्गात करून बघायच्या प्रयोगाचा विषय झालं. आठ आठवडे शाब्दिक उदाहरणं आधी घरच्या भाषेत बोलून घ्यायची, मग मराठीत सोडवायची. मुख्याध्यापकांना नवं शैक्षणिक धोरण दाखवलं. २०२० चं आहे, शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत शिकवण्याचं माध्यम घरची भाषा असावी असं स्पष्ट म्हणतं. ते म्हणाले, "धोरण दिल्लीत, स्कॉलरशिपचा पेपर मराठीत." मग पहिल्या घटक चाचणीत तो मुलगा गणितात पुन्हा नापास झाला. पेपर मराठीत होता, दुसरं काय होणार! सरांनी माझ्यासमोर त्याची उत्तरपत्रिका धरली आणि एक शब्द बोलले नाहीत.

त्याहून जास्त लागलं त्याच्या आईचं. विड्या कारखान्यात देऊन परत जाताना ती शाळेत आली, नखं तंबाखूने काळी. म्हणाली, "बाई, तेलुगूच शिकवायचं असतं तर तेलुगू शाळेत नसतं का घातलं?" शहरात तेलुगू माध्यमाच्या शाळा आहेत, तिने ठरवून टाळल्या होत्या. याचं उत्तर माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं. मी तिला इतकंच म्हटलं की मराठीच शिकवतेय, फक्त मागच्या दाराने. तिला ते पटलं असं वाटत नाही. आठव्या आठवड्याच्या शेवटी त्या बावीसांतली शाब्दिक उदाहरणं सोडवणारी मुलं सहावरून चौदावर गेली. तो चौदांत होता. उरलेल्या आठजणांना काहीच फरक पडला नाही, आणि का ते मला कळलं नाही.

तर सर, मुलं हुशार होत नाहीत. ती आधीच असतात, हे बाईंना कळतं.

अभ्यासक्रमाबद्दल बोलायचं तर निम्मा निरुपयोगी आहे. शिक्षणाचं तत्त्वज्ञान म्हणजे आदर्शवाद, निसर्गवाद अशा पाच वादांची पाठांतरं. झेरॉक्सच्या दुकानात तयार स्वाध्याय मिळतात, तयार प्रकल्पही. तसं करायचं असेल तर करूच नका, पैसे वाचतील. रोज सकाळी उभं राहायला एक वर्ग असेल तरच यातलं काही अंगाला लागतं. सलग नियमित शिकणाऱ्या माझ्या भाचीने हाच कमिन्स वाचला, तिला तो 'दीर्घोत्तरी प्रश्न' वाटला. एम.एड.चा विचार असेल तर ते वेगळं प्रकरण आहे, आमच्या वेळी दोन वर्षं पूर्ण वेळ होतं, हजेरीसकट. नोकरी करत जमत नव्हतं.

परीक्षा आमच्या वेळी ऐन उन्हाळ्यात आली होती. सोलापुरात ४३ अंशांत तीन तास पेपर लिहिणं काय असतं ते इथल्यांना सांगायला नको.

मूल किती मोठं आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. वर्षाच्या आतलं असेल तर यंदा थांबा. माझा मुलगा तेव्हा सहावीत होता आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक सासूबाई करत होत्या, हे वर लिहायचं राहिलं.