कोल्हापुरात बी.कॉम.ला असलेल्या, कमी दिसणाऱ्या भावाला पेपरला लेखनिक नि जादा वेळ मिळंल का?

मिळतोय की, त्यात काय. पण आधी यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढा, अर्ज ऑनलाईन भरायचा आणि तपासणीला सीपीआर सरकारी दवाखान्यात जायचं, अपंगत्व ४०% किंवा जास्त आलं की काम सोपं. केंद्राच्या नियमात तासाला किमान २० मिनिटं जादा आहेत, म्हणजे ३ तासांच्या पेपरला १ तास, आणि लेखनिक नको असला तरी हा वेळ मागता येतो (हे बऱ्याच क्लार्कना माहीतच नसतंय). लेखनिक स्वतःचा आणला तर २०१८ च्या नियमात तो एक पायरी कमी शिकलेला लागायचा, आता किती शिकलेला चालतो ते कॉलेजात विचारून घ्या. अर्ज प्राचार्यांच्या नावानं, लेखी, परीक्षा फॉर्म भरतानाच द्या आणि पोच घ्या, माझ्या बहिणीला तोंडी ‘हो’ म्हणून ऐन पेपरादिवशी हात वर केलेत. वर्गात पुढचा बाक, मोठ्या अक्षरातल्या नोट्स पण त्याच अर्जात मागा.