निळे झेंडे अल्बममध्ये जांभळे आले, त्याबद्दल

जय भीम भाऊ. तुमची पोस्ट वाचली अन् जुनी जखम उघडी झाली. १४ एप्रिलची गावची मिरवणूक तुम्ही शूट केली, स्क्रीनवर सगळं झक्कास, अन् अल्बम हातात आला तर झेंडे जांभळे, वरून अल्बम छापणारा फोटो लॅबवाला म्हणते फाईलच खराब. सेम माझ्यासोबत झालं होतं, म्हणून जरा लांब लिहून राहिलो. मी काही लॅब टेक्निशियन नाही, आमच्या भागातल्या मिरवणुकांचे फोटो काढून काढून जे समजलं तेवढंच सांगतो.

शटर-आयएसओचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या सेटिंगचं सोडा, ते तुम्हाला येतेच, तुमचे फोटो पाहिले मी. गोम लॅबमध्ये आहे. लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटो करेक्शन, म्हणजे आपोआप रंग सुधारणं, चालू राहते. आपल्या मिरवणुकीत झेंडे निळे, फेटे निळे, कमानी निळ्या, त्यात उधळलेली नीळ. मशीनला वाटते फोटोवर निळी झाक आली, मग ते पिवळा अन् लाल वाढवते. लाल घुसला की निळ्याचा जांभळा होते अन् माणसांचे चेहरे नारंगी. हे करेक्शन फोटोगणिक वेगळं. माझ्या अल्बममध्ये समोरासमोरच्या दोन पानांवर एकच झेंडा होता, एकावर पिकल्या जांभळासारखा अन् दुसऱ्यावर काळपट. आमच्या आजीबाईची पांढरी साडी, निळी किनार, छातीवर बाबासाहेबांचा बिल्ला, इतका सुंदर फोटो होता तो, तर किनारच वांगी रंगाची.

लॅबमध्ये गेलो तर काउंटरवरचा म्हणे ऑपरेटरला विचारा, ऑपरेटर म्हणे मशीन आपोआप करते, मालक फोन उचलेना. मोबाईलवर मूळ फोटो दाखवला तर म्हणे मोबाईलचा रंग खरा नसते. अरे पण मग दोन पानांवर एकाच झेंड्याचे दोन रंग कसे, याचं उत्तर शेवटपर्यंत कोणी दिलं नाही. अल्बम विहारात ठेवायचा होता, पैसा वर्गणीचा होता. मंडळातल्या काही लोकांना वाटलं मीच एडिटिंगमध्ये झेंड्याचा रंग बदलला. पैशापेक्षा ते जास्त लागलं. ज्या निळ्यासाठी पोरं उन्हातान्हात राबतात तो निळा निळाच दिसला पाहिजे, यात मी तडजोड करत नाही.

म्हणून ऑर्डर देताना लिहून द्या, कलर करेक्शन करायचं नाही. तोंडी नको, पावतीवर लिहून घ्या. फाईल एसआरजीबीमध्ये द्या, म्हणजे लॅबच्या मशीनला नेहमी कळणाऱ्या रंगाच्या सेटिंगमध्ये. अन् आधी टेस्ट प्रिंट काढा, त्यासाठी पंचशील ध्वजाचा, म्हणजे बौद्ध धम्मध्वजाचा फोटो निवडा. निळा, पिवळा, लाल, पांढरा, नारंगी, पाचही रंग एकाच कापडावर, यापेक्षा चांगला कलर चार्ट (रंग तपासायचा तक्ता) गावात कुठं भेटणार? पांढरा पांढराच आला, लाल अन् नारंगी वेगळे दिसले, निळ्यात जांभळी झाक नसली तरच पुढची ऑर्डर. एक मात्र खरं, गडद निळा कागदावर स्क्रीनइतका झळकत नाहीच, थोडं मंद होईल ते मान्य करा. शाईनं छापलेल्या अल्बममध्ये तर जास्तच, म्हणून मोठी फ्रेम मी फोटो पेपरवरच काढतो.

कॅमेऱ्यात ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेड पाहून रंग आपोआप ठरवणारी सेटिंग, ठेवू नका, तोही निळं पाहून हीच गडबड करते. उन्हात ती ५२००-५५०० केल्विनवर (उजेडाच्या रंगाचं माप) फिक्स करा अन् रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये काढा, रंग नंतर सुधारता येतो. दुपारी फोटोत पांढऱ्या साड्या जळतात, म्हणजे नुसत्या पांढऱ्याफट्ट येतात, एक्सपोजर थोडं कमीच ठेवा. माझं मत विचाराल तर दुपारी काढूच नका, सकाळची वंदना अन् ध्वजारोहण घ्या, मग पाच वाजल्यापासून सूर्य बुडेपर्यंत. लेझीम, ट्रॉलीवरचे देखावे, चवदार तळ्याचा सीन, रमाई झालेली पोरगी, सगळं त्याच उजेडात खुलते.

अंधार पडल्यावर डीजेचे निळे एलईडी चेहऱ्यावर पडले की चेहरा नुसता निळा ठिपका, रॉमधूनही काही निघत नाही. लाईट पांढरा व्हायची वाट पहा. फोटोत पट्टे येत असतील तर सायलेंट शटर (बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक शटर) बंद करा, शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंदावर करून पहा. अन् लेझर असला तर कॅमेरा त्याच्याकडे फिरवूच नका, सेन्सर कायमचा जाऊ शकते. डोळ्यांचंही तेच. माझं तर म्हणणं आहे मंडळांनी लेझर बंदच करावा, लहान लेकरं समोर नाचत राहतात, पण तो वेगळा विषय.

एप्रिलात आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर, कॅमेऱ्याची बॅग गाडीत ठेवू नका, दुपट्टा ओला करून डोक्याला बांधा, ताक पीत राहा.

आता तुमच्या अल्बमचं. बाकी पैसे दिले नसतील तर थांबवा. तीच फाईल दुसऱ्या लॅबमधून करेक्शन न करता छोट्या साइजमध्ये काढा, रंग बरोबर आला तर दोन्ही प्रिंट घेऊन जा अन् रिप्रिंट मागा. एकटे नका जाऊ, मंडळाच्या अध्यक्षाला सोबत घ्या.