वाचकांचे प्रश्न : पूरग्रस्तांसाठी सायकल राइड

आपत्तीग्रस्तांच्या मदतीसाठी निघणाऱ्या सायकल आणि मोटारसायकल मोहिमांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण त्यातील प्रश्न इतर अनेक पत्रांतही वेगवेगळ्या शब्दांत आलेला आहे.

प्रश्न : आम्ही २५-३० जण दर रविवारी एकत्र सायकल चालवतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील गावांचे अतोनात नुकसान झाले, तेव्हा इच्छा असूनही आम्हांला काही करता आले नाही. आता जानेवारीत पुणे ते सोलापूर अशी दोन दिवसांची राइड काढून निधी जमवावा आणि सोबत टेम्पोतून धान्य व कपडेही न्यावेत, असा विचार आहे. मात्र चार महिने उलटून गेल्यावर जाण्यात काय अर्थ, असे आमच्यातील काहींचे म्हणणे आहे. आपले मत काय?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्याला उशीर झालेला नाही, माझ्या मते आपण योग्य वेळी निघत आहात. पुराच्या पहिल्या आठवड्यात गावाला होड्या, पिण्याचे पाणी, शिजवलेले अन्न, डॉक्टर आणि जनावरांसाठी चारा लागतो, आणि हे सारे प्रशिक्षित पथके आणि शेजारची गावे आपल्यापेक्षा फार लवकर पोहोचवतात. त्या दिवसांत मोकळा असलेला एखादा रस्ता रुग्णवाहिकेला आणि पाण्याच्या टँकरला हवा असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेले होते, तेव्हा आमच्या गटाने उत्साहाच्या भरात जुन्या कपड्यांची गाठोडी टेम्पोत भरली आणि सांगलीची वाट धरली. अर्धा दिवस आम्ही महामार्गावरच अडकून पडलो. शेवटी जिथे पोहोचलो, त्या शाळेच्या व्हरांड्यात आमच्या आधी आलेली तशीच गाठोडी छतापर्यंत रचलेली होती आणि पावसात भिजून त्यांना कुबट वास सुटला होता. ज्या बायांनी घरातला चिखल उपसायला जायचे, त्या आम्ही आणलेले कपडे निवडत बसल्या. ही चूक आमची होती, आणि ती मी आजही विसरलेलो नाही.

म्हणून टेम्पोतील कपड्यांचा विचार कृपया सोडून द्यावा. धान्यही पुण्याहून नेऊ नये. ते माढ्यात, मोहोळमध्ये मिळते, आणि तिथल्या ज्या दुकानदाराचे दुकान पाण्यात गेले, त्याच्याकडूनच ते घेतले तर एकाच रुपयाचा दोघांना उपयोग होतो.

चार महिन्यांनंतर गरज कशाची असते, हे नदीकाठच्या शेतकऱ्याला विचारावे. पाणी ओसरते तेव्हा घर दिसते, पण शेत दिसत नाही. वरची काळी माती खरडून गेलेली असते आणि खाली मुरूम उघडा पडलेला असतो. अशा जमिनीत पुन्हा गाळमाती आणून टाकल्याशिवाय काही पिकत नाही, आणि ते काम ट्रॅक्टरच्या खेपांनी, रोख पैसे मोजून करावे लागते. नदीवरच्या कृषिपंपाची मोटार पाण्याखाली राहिली असेल तर ती पुन्हा वाइंडिंग करून घ्यावी लागते किंवा नवी घ्यावी लागते. विहिरी गाळाने भरलेल्या असतात, पाइपलाइन उखडलेली असते, ठिबकच्या नळ्या वाहून गेलेल्या असतात. रब्बीची पेरणी ज्यांना करता आली नाही, त्यांची सारी आशा पुढच्या मृगावर असते, आणि मृगाच्या आधी शेत उभे करायचे तर पैसा जानेवारी ते एप्रिल या महिन्यांतच हाती पडायला हवा. नेमक्या याच महिन्यांत वर्तमानपत्रांतून पुराची बातमी नाहीशी झालेली असते. आपल्या राइडने लोकांचे लक्ष त्या गावांकडे पुन्हा वळवता आले, तर ते काम सप्टेंबरात नेलेल्या कोणत्याही टेम्पोपेक्षा मोठे ठरेल.

याचे एक उदाहरण जपानमधले आहे. ११ मार्च २०११ रोजीच्या भूकंपाने आणि त्सुनामीने तिथला तोहोकूचा किनारा उद्ध्वस्त झाला. त्याच किनाऱ्यावरील इशिनोमाकी आणि आसपासच्या गावांतून ‘तूर द तोहोकू’ ही सायकल राइड नोव्हेंबर २०१३ मध्ये, म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, प्रथम काढण्यात आली. ती शर्यत नव्हती. देशभरातून आलेले सायकलस्वार सावरू पाहणाऱ्या गावांतून जात होते, वाटेत तिथलेच पदार्थ खात होते आणि तिथेच मुक्काम करून पैसे खर्च करत होते. इतक्या उशिरा सुरू होऊनही ती राइड पुढे अनेक वर्षे चालली.

आता पैशांविषयी. प्रत्येक सायकलस्वाराने १५ आप्तेष्टांकडून प्रत्येकी ५०० रुपयांचे वचन घेतले, तर ३० जणांचे मिळून २,२५,००० रुपये होतात. हे वचन किलोमीटरच्या हिशेबाने मागण्याची पद्धत आहे; ‘मी एक किलोमीटर चालवला की तू दोन रुपये दे’, असे म्हटले की देणाऱ्यालाही गंमत वाटते. मला मात्र ती पद्धत पसंत नाही. गुडघा दुखू लागलेला माणूस १२० किलोमीटरवर थांबायला हवा, पण आपण थांबलो तर गावाचे पैसे बुडतील या विचाराने तो अंधारात पुढे रेटत राहतो, आणि अपघात अशाच वेळी होतात. रक्कम ठरावीक असावी, आणि कोण किती अंतर गेला याच्याशी तिचा संबंध नसावा. दुसरे असे की, मुक्काम, जेवण आणि सोबतच्या गाडीचे डिझेल हा सारा खर्च आपला आपण करावा. जमलेल्या निधीतून टी-शर्ट, पदके आणि फलक करू नयेत. पुरासाठी म्हणून दिलेला रुपया पुराच्याच कामी लागला पाहिजे, याबाबत मी फार आग्रही आहे.

हा पैसा कोणाच्याही वैयक्तिक खात्यात किंवा वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका, मग ती व्यक्ती कितीही विश्वासाची असो. नोंदणी नसलेल्या गटाला लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी जमवायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळे ती दरवर्षी घेतातच. याहून सोपा मार्ग असा की, देणाऱ्याने रक्कम थेट मुख्यमंत्री साहाय्यता निधीत किंवा त्या भागात काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात भरावी आणि आपण फक्त पावत्यांची नोंद ठेवावी. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत मुख्यमंत्री साहाय्यता निधीला दिलेली पूर्ण रक्कम वजावटीस पात्र असते, तर ८०-जी नोंदणी असलेल्या बहुतेक संस्थांच्या बाबतीत निम्मी. रोखीने दिलेल्या २,००० रुपयांहून अधिक देणगीला ही सवलत नाही, आणि नव्या करपद्धतीत ती मुळातच नाही. हे देणाऱ्यांना आधीच स्पष्ट सांगावे, म्हणजे मार्चमध्ये कोणाचा गैरसमज होणार नाही.

मार्गाविषयी थोडक्यात : यवत, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ हा रस्ता चढ-उताराच्या मानाने सोपा आहे, इंदापूरला मुक्काम करावा. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून येत असल्याने तो तोंडावर असेल, म्हणून वेगाची घाई करू नये. मोठी भीती आहे ती उसाची. जानेवारीत गळीत हंगाम जोरात असतो आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, पुष्कळदा मागच्या दिव्याविना, पहाटे आणि रात्री रस्त्यावर असतात. उजाडल्यावर निघा आणि मावळण्यापूर्वी थांबा. या नियमाला कोणाचाही अपवाद करू नका.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहणारी चार मराठी कुटुंबे येथे सायकल चालवून महाराष्ट्रातील पूरग्रस्तांसाठी निधी जमवणार आहोत. आमच्यापैकी दोघांकडे भारतीय पासपोर्ट आहे, इतर अमेरिकी नागरिक आहेत. पैसे कसे पाठवावेत?
— एक वाचक, अमेरिका

उत्तर : आपण नागरिकत्वाचा उल्लेख केलात हे फार बरे झाले, कारण सारा फरक तिथेच पडतो. भारतीय नागरिक परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देतो, तेव्हा ती परकीय योगदान मानली जात नाही. अमेरिकी नागरिकाची देणगी मात्र परकीय योगदान ठरते, मग तो जन्माने सांगलीचा असो वा त्याच्याजवळ ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला मिळणारे कार्ड) असो. अशी देणगी एफसीआरए, म्हणजे परकीय योगदानाचे नियमन करणाऱ्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील तिच्या ठरलेल्या खात्यातच. आपल्या अमेरिकी शेजाऱ्यांनी दिलेले पैसेही याच नियमात येतात. म्हणून सगळी रक्कम एका भारतीय मित्राच्या खात्यात गोळा करून पुढे पाठवण्याचा सोपा वाटणारा मार्ग घेऊ नये. त्यात आपल्यापेक्षा गावातील संस्था अडचणीत येते. संस्थेला आधी नोंदणीचा क्रमांक विचारावा आणि नंतरच सायकल बाहेर काढावी.

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची आहे. तिला अशाच एका राइडमध्ये २५० किलोमीटर जायचे आहे. ती रोज कॉलेजला सायकलने जाते, पण एका दिवसात ३० किलोमीटरच्या पुढे कधी गेलेली नाही. तिला नाही म्हणणे मला जड जाते.
— एक पालक, सातारा

उत्तर : तिला नाही म्हणू नका, पण सगळे अंतरही देऊ नका. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे प्रकारात २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मर्यादा असते, आणि नियमित सरावाची प्रौढ माणसेही तिथे थकून जातात. हाताशी आठ-दहा आठवडे असतील तर दर रविवारचे अंतर थोडे थोडे वाढवत ७०-८० किलोमीटरपर्यंत न्यावे, दर तीन आठवड्यांनी एक रविवार हलका ठेवावा, आणि राइडच्या दिवशी तिने शेवटचा ५०-६० किलोमीटरचा टप्पा करावा. सीटची उंची सायकलच्या दुकानात नीट बसवून घ्यावी. गुडघ्याच्या पुष्कळशा तक्रारी तिथेच मिटतात. तहान लागण्याची वाट न पाहता मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी घोट घोट प्यावे. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि परावर्तक जाकीट यांवाचून तिला पाठवू नये. आयोजकांकडे आपले लेखी संमतिपत्र द्यावे आणि मागून येणाऱ्या गाडीत प्रथमोपचार जाणणारी व्यक्ती आहे का, हे स्वतः विचारावे. या प्रश्नाचे उत्तर टाळणाऱ्या आयोजकांसोबत तिला पाठवू नये, असे मी स्पष्टच सांगेन.

निधी जमवण्याचे काम मात्र तिने पूर्ण करावे. घरोघर जाऊन एखाद्या अनोळखी गावासाठी मदत मागणे हे सायकल चालवण्यापेक्षा अवघड आहे, आणि १७ व्या वर्षी ते उत्तम जमते.

प्रश्न : आमचा मोटारसायकलस्वारांचा गट आहे. आम्ही पुराच्या वेळीच मदत घेऊन गेलो तर चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तालुका प्रशासनाने किंवा तिथे काम करणाऱ्या संस्थेने बोलावले असेल तरच जावे. रस्ता तुटून चारचाकी अडते तेव्हा औषधे आणि क्लोरीनच्या गोळ्या पोहोचवायला मोटारसायकल खरोखर उपयोगी पडते. पण अशा वेळी पाच-सहा सराईत चालक पुरतात, पन्नासांचा ताफा नको. एरवीच्या निधी-राइडसाठी पोलिसांना मार्ग आणि वेळ आधी लेखी कळवावी, चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घालावे, आणि द्रुतगती मार्ग किंवा समृद्धी महामार्ग आखणीत धरू नये, कारण तिथे दुचाकींना बंदी आहे.

प्रश्न : आमचे गाव सीनाकाठी आहे. पुरानंतर बाहेरून पुष्कळ लोक आले. काहींनी मनापासून काम केले, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण काही जण पडक्या घरासमोर उभे राहून फोटो काढत, पाकीट हातात देताना पुन्हा फोटो घेत. माझ्या आईने त्या वेळी पदराने तोंड झाकले. आता पुन्हा कोणी येणार असेल तर आम्ही काय सांगावे?
— एक शेतकरी, माढा तालुका

उत्तर : आपले पत्र मी तीनदा वाचले. आपल्या आईंना झालेल्या त्रासाबद्दल, मीही अशा मोहिमांत भाग घेतलेला माणूस म्हणून, मनापासून दिलगीर आहे.

येणाऱ्यांना आपण अटी घालू शकता, आणि त्या घालाव्यात. घराचा किंवा माणसाचा फोटो घरच्यांच्या परवानगीशिवाय घ्यायचा नाही, पाकीट वाटपाचा कार्यक्रम करायचा नाही, पैसे खात्यात जमा व्हावेत, हे आधीच कळवावे. मदत कोणाला मिळावी हे बाहेरच्यांनी तासाभराच्या भेटीत ठरवू नये. ग्रामसभेत सर्वांसमक्ष यादी वाचून ती पक्की करावी, आणि त्यात ज्यांच्या नावावर सातबारा नाही अशा शेतमजुरांची व वाट्याने शेती करणाऱ्यांची नावे राहून जात नाहीत ना, हे पाहावे, कारण पंचनाम्यातून अनेकदा तीच सुटतात. सायकलस्वार आलेच, तर त्यांना फुकट जेवू घालण्याचा भार गावाने घेऊ नये. आपल्याकडील रीत मला माहीत आहे, दारी आलेल्याला चहाशिवाय जाऊ देणे आपल्याला जमणार नाही. पण जेवण गावातील बचत गटाने रास्त दराने द्यावे आणि पाहुण्यांनी त्याचे पैसे मोजावेत. आणि निधी कुठे खर्च झाला याचा हिशेब देणाऱ्यांना जसा पाठवला जातो, तसाच तो आपल्या ग्रामपंचायतीच्या फलकावरही लागला पाहिजे.

या अंकातील पहिले पत्र आपल्याच बाजूला येऊ पाहणाऱ्यांचे आहे. आपल्या गावात किती विहिरींचा गाळ काढायचा आहे, किती मोटारी बंद आहेत आणि किती एकरांवर माती टाकायची आहे, याची यादी ग्रामसभेत करून आमच्याकडे पाठवावी. कोथरूडच्या वाचकांनी संमती दिल्यास ती यादी त्यांच्याकडे पोहोचवू आणि आपला संपर्क त्यांना कळवू. त्यांनी मार्ग पक्का करण्याआधी एकदा आपल्याशी फोनवर बोलावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.