तीन विभागांचा एक पेपर चालवायचा तर मध्ये गावाच्या पाण्याचा ताळेबंद ठेवा

भूगोल, रसायनशास्त्र आणि अर्थशास्त्र मिळून तुम्ही पदव्युत्तर वर्गाला शाश्वत विकासाचा ४ क्रेडिटचा पेपर चालवता. प्रत्येक जण आपलं युनिट शिकवून मोकळा होतो आणि मुलांचे प्रकल्प तीन ठिगळं जोडल्यासारखे होतात, हे कसं टाळावं असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते खोट रचनेत आहे. तिघांना मिळून एकच हिशोब जुळवावा लागेल, असं त्या पेपरात काही नाहीच. मराठवाड्यात असा हिशोब शोधायला लांब जायला नको. एका गावाचं वर्षभराचं पाणी घ्या आणि सगळा पेपर त्याभोवती बांधा.

आधी तासांचं. २ क्रेडिट थिअरी म्हणजे ३० तास, २ क्रेडिट प्रात्यक्षिक म्हणजे ६० तास. त्या ६० तासांतले ३६ तास शिवारात घालवा, सहा तासांचे सहा दिवस. उरलेले २४ तास प्रयोगशाळा आणि हिशोबाला ठेवा. २४ विद्यार्थी असतील तर चौघांचे सहा गट करा, प्रत्येक गटात तिन्ही विषयांची मुलं हवीत. गाव एका दिवसात जाऊन येता येईल असं, हजार हेक्टरच्या आसपास शिवार असलेलं निवडा. जायकवाडीच्या लाभक्षेत्रातलं गाव पहिल्या वर्षी नको. कालव्याचं पाणी आत किती आलं आणि पाझरून विहिरीत किती गेलं, याचाच गुंता सुटत नाही.

आता एक नमुना हिशोब मांडतो. शिवार १,००० हेक्टर, पाऊस ६५० मिमी. १ हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर, म्हणून एकूण ६,५०० हजार घनमीटर. आपल्याकडचा खडक बेसाल्ट. झिजलेल्या, भेगाळ बेसाल्टात पावसाच्या ७ टक्के पाणी मुरतं असं भूजल मूल्यांकनात धरतात. म्हणजे मुरलं ४५५ हजार घनमीटर (पुढचे जमा-खर्चाचे आकडेही हजार घनमीटरमध्येच). खर्चाच्या बाजूला ४० हेक्टर ऊस घ्या. त्याची गरज २,००० मिमी, त्यातले ४५० थेट पावसातून मिळाले असं धरलं, तर उरलेले १,५५० मिमी विहिरी-बोअरमधून, म्हणजे ६२० हजार घनमीटर. हरभरा १०० हेक्टर, २०० मिमीप्रमाणे २००. लोकसंख्या १,५०० असेल तर माणशी रोज ५५ लिटरने पिण्या-वापरण्याचं पाणी वर्षाला फक्त ३०. खर्च झाला ८५०, जमा ४५५. शिवाराच्या ४ टक्के क्षेत्रावरचा ऊस एकटाच वर्षभराच्या मुरलेल्या पाण्यापेक्षा जास्त पितो, हे मुलांनी स्वतः मांडून पाहिलं की वेगळं व्याख्यान लागत नाही.

तिसरा आकडा, म्हणजे जमिनीखालच्या साठ्यातून प्रत्यक्ष किती पाणी गेलं, तो विहिरींतून काढायचा. ऑक्टोबर ते मे पातळी सरासरी ३ मीटर उतरली, तर १,००० हेक्टर गुणिले ३ मीटर गुणिले खडकाचा विशिष्ट उतारा, म्हणजे पातळी उतरली की खडक आपल्या आकारमानाच्या जेवढे टक्के पाणी सोडतो तो वाटा. तो २ टक्के धरला तर ६०० येतात, १ टक्का धरला तर ३०० आणि ३ टक्के धरला तर ९००. म्हणून अहवालात एक आकडा लिहू देऊ नका, पल्ला लिहायला लावा. इथे दोन चुका हमखास होतात. काही मुलं ६ मीटर व्यासाच्या विहिरीतलंच पाणी मोजतात, ते जेमतेम ८५ घनमीटर भरतं. काही विशिष्ट उतारा विसरतात आणि ३०,००० हजार घनमीटर काढतात, म्हणजे पडलेल्या पावसाच्या साडेचारपट!

४५५, ८५० आणि ६०० हे आकडे जुळत नाहीत, आणि पेपर खरा इथून सुरू होतो. उसाला लागतं तेवढं पाणी दिलंच जात नाही का? पाटपाण्याने दिलेलं काही पुन्हा विहिरीत झिरपतं का? खोल बोअरमधून जुनं पाणी उपसलं जातंय का? ई-पीक पाहणीतलं (शेतकऱ्यांनी मोबाइलवरून केलेल्या सरकारी पीकनोंदीतलं) उसाचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष क्षेत्र एकच आहे का? झिरपून परत आलेल्या पाण्याचा माग नायट्रेट आणि क्षारता दाखवतात, ते रसायनशास्त्राचं काम. गावाची हद्द आणि पाणलोटाची हद्द एक नसते, नाल्याचं पाणी कुठून येतं-जातं हे भूगोलाने सांगायचं. इतकं पाणी लागूनही ऊसच का, याचं उत्तर अर्थशास्त्राकडे: एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव, आधीच माहीत असतो, कारखाना माल उचलतो, सोयाबीनचा भाव मात्र आडतीवर गेल्यावर कळतो. एकाही विषयाला एकट्याने तो फरक उलगडता येत नाही.

मोजणीत चुकतं कुठे, तेही सांगतो. पातळी कठड्यावरून मोजतात आणि कठड्याची उंची वजा करायची राहते. शेतीची थ्री-फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री असते. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी गेलात तर विहीर उपसलेलीच सापडेल. म्हणून मोटार शेवटची कधी बंद झाली, हा रकाना नोंदवहीत हवाच. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुमच्या तारखा त्याला जुळवा, म्हणजे तुलना करता येईल. मेची नोंद जाणाऱ्या बॅचने घ्यायची, ऑक्टोबरची नव्या बॅचने. वही विभागात राहिली पाहिजे, मुलांच्या फोनमध्ये नाही.

नमुन्याची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा, क्षारता जागेवरच मोजा, बाकी बर्फाच्या पेटीतून आणा. नायट्रेटची पिण्याची मर्यादा लिटरला ४५ मिग्रॅ आहे, पण काही किट नायट्रोजनच्या रूपात आकडा देतात. त्याला ४.४३ ने गुणलं नाही, तर दूषित विहीरसुद्धा अहवालात शुद्ध ठरते.

घरोघरच्या पाहणीची वेळ सगळ्यात जपा. बीड, धाराशिव, जालना या पट्ट्यात दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. डिसेंबरात पाहणी केली तर त्यांच्या दाराला कुलूप असतं. गावातल्या सगळ्यात तहानलेल्या घरांचीच नोंद राहून जाते आणि सरासरी छान दिसते. ही चूक आकडेशास्त्राने मागाहून भरून निघत नाही. पाहणी ऑगस्ट-सप्टेंबरात करा. उत्पन्न विचारू नका; उन्हाळ्यात किती खेपा, किती घागरी, पाणी कोण आणतं, बोअरला किती फुटांवर पाणी लागलं, हे विचारा. जमीन एकर-गुंठ्यांत लिहून घ्या, हेक्टरमध्ये नंतर तुम्ही बदला.

कागदोपत्री बाजू थोडक्यात. अभ्यास मंडळाकडे प्रस्ताव देताना प्रत्येक शिक्षकाचे तास नावानिशी लिहा, नाहीतर कार्यभार एकाच विभागाच्या खात्यात जातो आणि पुढच्या वर्षी बाकीचे येत नाहीत. तोंडी परीक्षा दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाने घ्यावी. शोधनिबंधावर कोणाची नावं कोणत्या क्रमाने, हे मोजणीच्या आधी ठरवा.

निष्कर्ष गावात मांडायचे ते रब्बीच्या पेरणीआधी, ऑक्टोबरची नोंद झाल्यावर लगेच. तिथे घनमीटर बोलू नका. तूट ३९५ हजार घनमीटर असेल, तर ताशी ३० हजार लिटर उपसणाऱ्या मोटारीचे ते सुमारे १३ हजार तास होतात, असं सांगा. ऊस, हरभरा आणि घरातलं पाणी असे तीन पट्टे एका तक्त्यावर काढून चावडीत लावा. शेतकरी तुमच्या आकड्यांतल्या चुका दाखवतील, बहुधा उसाच्या क्षेत्रापासूनच सुरुवात होईल. त्या तिथल्या तिथे वहीत वेगळ्या शाईने लिहून घ्या आणि पुढच्या बॅचला पहिलं काम तेच द्या.