उत्तर: सुई ‘आठ नंबर’चीच घेतली होती ना?

ताई, ‘स्वेटरचा पॅटर्न अमेरिकेचा, विणायच्या सुया इथल्याच दुकानातल्या, ९० टाक्यांची पाठ ५० सेंटिमीटर व्हायला हवी ती ४१च भरते, माझा हात घट्ट आहे का?’ हे वाचलं आणि मला माझा पोपटी कार्डिगन आठवला. हाताला बोल लावू नका, आधी सुईचा नंबर बघा.

आपल्याकडे सुयांना इंग्लंडचे जुने नंबर चालतात, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत नेमकं उलटं. आपली ८ नंबर ४ मिलिमीटरची, त्यांची ८ नंबर ५ मिलिमीटरची. म्हणजे त्यांच्या आठसाठी आपली ६ नंबर घ्यायची. मी दुकानात पॅटर्नचा कागद दाखवून विचारलं होतं हो! काउंटरवरून उत्तर आलं, “आठ लिहिलंय ना? मग आठच घ्या की.” मीही शहाणी, पाठ, दोन्ही पुढचे भाग आणि एक बाही विणून मोकळी झाले. कापड पुठ्ठ्यासारखं लागत होतं, पण म्हटलं धुतल्यावर सैल पडेल. कसलं काय! १० सेंटिमीटरला १८ टाके हवे होते, माझे पडले २२. चाळीस इंच छातीचा कार्डिगन बत्तीस इंचाचा झाला आणि आठवीतल्या भाचीला गेला. टाके मोजायला आधी नमुन्याचा छोटा तुकडा विणायचा कंटाळा केला, त्यात हे दोन महिने वाया गेले. तेव्हापासून मी नंबर बघतच नाही, सुईवर मिलिमीटर छापलेले असतील तरच घेते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, उंची कमी आहे म्हणून पॅटर्न आखूड करण्याचा. (मी शिकवणी घेत नाही, घरी विणते, त्या हिशोबाने घ्या.) कमी करायचं ते खालची पट्टी आणि काख यांच्या मधे. मुंढ्याला (बाही जोडतो त्या गोलाईला) हात लावू नका, बाही बसणार नाही. १० सेंटिमीटरला २४ ओळी असतील तर ५ सेंटिमीटरला १२ ओळी गाळा. बाही आखूड केलीत तर दर सहाव्या ओळीला वाढवायचे टाके दर चौथ्या-पाचव्या ओळीला घ्यावे लागतील, नाहीतर दंडाला आवळेल. आणि माप अंगावर टेप धरून घेऊ नका, आपण सगळ्याच पोट आत घेतो. चांगला बसणारा जुना स्वेटर पलंगावर पसरून मोजा.

पाठ मात्र उसवाच, मन घट्ट करून. उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून सावलीत टांगा. वळ्या निघाल्या की मगच गुंडा करा. नवी लोकर घ्यावी लागली तर लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर) जुळवून घ्या, पोपटीत पोपटी किती प्रकारचा असतो ते मला विचारा. आणि बटणं आधी आणा, काजं नंतर.